अवकाशातही ओढ असतेच

मुळशी धरणाचे पाणी मोठाल्या नळांतून सह्याद्री उतरते, कोकणात भिऱ्याला सुमारे ५०० मीटर खाली पोहोचते आणि वीज देते. ही सारी किमया पृथ्वीच्या ओढीची. धरण आणि भिरा यांमध्ये या ओढीत पडणारा फरक दहा हजारांत जेमतेम एक-दोन भागांचा. मग ही ओढ संपते कुठे? ‘अवकाशात’, असे आपण मुलांना बिनदिक्कत सांगतो. ते चूक आहे आणि आता थांबायला हवे.

२०२५ मध्ये शुभांशू शुक्ला ज्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात राहून आले, ते जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर फिरते. पुण्याहून नागपूर याहून दूर! शिवाय अंतर मोजायचे ते पृथ्वीच्या केंद्रापासून. तिथून जमीनच ६,३७० किलोमीटरवर. त्यात ४०० ची भर ती किती? अंतर दुप्पट झाले की ओढ चौथाई होते, तिप्पट झाले की नवव्या हिश्शाएवढी. या हिशेबाने स्थानकावर ती ८८ टक्क्यांहून अधिक उरते. चंद्रापाशी ती छत्तीसशेव्या हिश्शावर येते, तरी चंद्राला धरून ठेवते.

मग अंतराळवीर तरंगतात का? ते आणि स्थानक एकसारखेच पडत असतात म्हणून. सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक आडवा वेग असल्याने ते जेवढे पडतात, तेवढीच पृथ्वीची गोलाईही खाली वळते. जमीन कधी गाठलीच जात नाही.

तेव्हा घरात मुलांनी विचारले, तर ‘तिथे गुरुत्वाकर्षण नसते’ म्हणून वेळ मारून नेऊ नये. ‘ते पडताहेत, म्हणून तरंगताहेत’ एवढेच सांगावे. पुढचा प्रश्न मुलांना आपोआप सुचेल.