वही दाखवा : वृद्ध शुश्रूषा केंद्रांच्या दर्जाविषयी नातेवाईकांच्या संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग,
मा. सचिव, सामाजिक न्याय व विशेष साहाय्य विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

ज्यांचे आई-वडील, सासू-सासरे, एखादी एकटी राहिलेली आत्या वृद्ध शुश्रूषा केंद्रात आहे किंवा होती, अशा नातेवाईकांची ही संघटना आहे. आमच्यात पुण्या-ठाण्यात राहणारे आहेत आणि दर रविवारी न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉल लावणारेही आहेत. घरी का ठेवले नाही, असे भाऊबंद विचारतात, शेजारी विचारतात, रात्री झोप उडाली की आम्हीही स्वतःला विचारतो. त्याचे उत्तर देण्याची ही जागा नव्हे. आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ठेवायचेच ठरले, तर केंद्र चांगले की वाईट हे माणसाने कशावरून ओळखायचे?

आज आम्ही ओळखतो ते असे. फोनवर दर विचारतो. गाडी लावायला जागा आहे का बघतो. प्रत्यक्ष गेल्यावर फरशी चकचकीत आहे, फिनेलचा वास येतोय, गणपतीच्या तसबिरीला ताजा हार आहे, बोलणारी व्यक्ती ‘आजी-आजोबा’ म्हणत गोड बोलते आहे, एवढे पाहून डिपॉझिट भरतो. फिनेलच्या वासाखाली दुसरा एक वास असतो, हे तीन महिन्यांनी कळते.

आमच्या एका सभासद बाईंच्या आई स्वतःच्या पायांनी केंद्रात गेल्या. सात आठवड्यांनी त्यांच्या माकडहाडावर बशीएवढी जखम होती. “आल्या तेव्हाच होती,” केंद्र म्हणाले. “नव्हती,” मुलगी म्हणाली. दाखल करून घेताना अंग तपासल्याचा कागद मागितला, तर तो नव्हताच. मग खरे कोण, हे कोण ठरवणार? त्या केंद्राचे नाव आम्ही लिहीत नाही. भीती म्हणून नव्हे, तर त्याच रस्त्यावरच्या पुढच्या केंद्रातही तो कागद मिळाला नसता म्हणून.

या पत्रातल्या सगळ्या मागण्या त्या न सापडलेल्या कागदाभोवती फिरतात.

पहिली मागणी कायद्याच्या अंमलबजावणीची आहे, नव्या कायद्याची नाही. मराठीत ‘नर्सिंग होम’ म्हटले की डोळ्यांसमोर बाळंतपणाचा दवाखाना येतो. पण १९४९ चा महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा, म्हणजे पूर्वीचा मुंबईचा कायदा, आजारी आणि जखमी माणसांसोबतच दुर्बल, विकल अवस्थेतल्या माणसांना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार व त्यांची शुश्रूषा करणारी जागाही त्या व्याख्येत धरतो. नाकातून नळी असलेले, कॅथेटर लावलेले, कूस बदलायलाही दुसऱ्याचा हात लागणारे वीस म्हातारे जिथे आहेत, ती जागा या व्याख्येबाहेर कशी राहते? आमच्या सभासदांनी नोंदणी विचारली तेव्हा कुणी ट्रस्टचा कागद दाखवला, कुणी गुमास्ता परवाना. गुमास्ता परवान्यावर किराणा विकता येतो. राइल्स ट्यूब घालता येत नाही.

केंद्र सरकारचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, त्यामुळे आपल्याकडे हात टेकायला हाच जुना कायदा आहे. २०२१ च्या जानेवारीत त्याच्या नियमांत सुधारणा होऊन रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. तेच फलक शुश्रूषा केंद्रांच्या भिंतीवरही दिसले पाहिजेत. ज्या केंद्रात नळी, जखम, इंजेक्शन किंवा ऑक्सिजन आहे, ते प्रत्येक केंद्र या कायद्याखाली नोंदवा. जिथे हिंडती-फिरती मंडळी राहतात, जेवतात, पत्ते खेळतात, त्या वृद्धाश्रमांना हा जाच नको. त्यांचा प्रश्न निराळा आहे.

(जाता जाता एक. वृद्धाश्रम चालवणाऱ्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला वस्तू व सेवा करातून सूट देताना रहिवाशाचे वय ६० आणि महिन्याची रक्कम २५,००० रुपयांपर्यंत, अशी नेमकी मोजदाद सरकारने केली आहे. २०२४ मध्ये महारेराने ज्येष्ठांसाठी बांधल्या जाणाऱ्या घरांचे निकष काढले, ते आम्हाला मनापासून आवडले. म्हणजे विकत घेतलेल्या सदनिकेत आधाराचा दांडा कुठे हवा हे ठरले आहे. महिन्याच्या भाड्याने घेतलेल्या खाटेवर पाठ सोलली तर कुणी लिहून ठेवायचे, हे ठरलेले नाही.)

दुसरी मागणी : वही. प्रत्येक केंद्रात एक शिक्क्याची, पानांना क्रमांक घातलेली वही असावी आणि ती पाहायला मागण्याचा हक्क नातेवाइकाला असावा. माणूस दाखल झाला त्या दिवशी, चोवीस तासांच्या आत, त्याचे अंग डोक्यापासून टाचेपर्यंत तपासावे. माकडहाड, खुब्याची हाडे, टाचा आणि कोपरे इथे लाली आहे का, कातडी फाटली आहे का, वजन किती, दात किती, चष्मा-श्रवणयंत्र आहे का हे लिहावे आणि खाली नातेवाइकाची सही घ्यावी. ही सही आम्हालाही बांधते, हे आम्ही जाणतो. रुग्णालयातून घरी आणताना झालेली जखम केंद्राच्या माथी मारणारे नातेवाईकही आमच्यातच आहेत.

पुढे त्याच वहीत केंद्रात आल्यानंतर झालेले बेडसोर, पडण्याची प्रत्येक घटना, महिन्याचे वजन, चुकलेली किंवा दुसऱ्याची दिली गेलेली गोळी, कॅथेटर घातल्याची आणि बदलल्याची तारीख हे सर्व यावे. पडण्याची नोंद लागलेल्या मारावर ठरू नये. “आजी जरा घसरल्या होत्या, काही नाही झालं,” हा फोन आम्हा सगळ्यांना आलेला आहे. खुबा मोडतो तो बहुधा त्यानंतरच्या घसरण्यात.

मृत्यूबद्दल मात्र आम्हाला जपून मागणी करायची आहे. या केंद्रांत माणसे शेवटच्या दिवसांसाठी येतात आणि अनेकांचा तिथे शांतपणे अंत होणे हेच केंद्राचे यश असते. मृत्यूंचा आकडा म्हणजे दोषांचा आकडा, असा हिशेब सुरू झाला, तर श्वास लागलेल्या आजोबांना रात्री दोन वाजता रुग्णवाहिकेत घालून कुठल्या तरी कॅज्युअल्टीच्या दारात सोडले जाईल आणि वही स्वच्छ राहील. म्हणून केंद्रातले मृत्यू आणि रुग्णालयात हलवल्यानंतर दोन दिवसांत झालेले मृत्यू हे दोन्ही शेजारी शेजारी लिहावेत. हलवण्याचा निर्णय कोणी घेतला, नातेवाइकाला फोन किती वाजता केला, हेही.

तिसरी मागणी माणसांची. इथे थोडे गणित मांडतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, असा शुश्रूषेतला रूढ दंडक आहे. केंद्रात असे वीस जण आहेत असे धरा. रात्रपाळी संध्याकाळी आठ ते सकाळी आठ. प्रत्येकाची सहा वेळा कूस, म्हणजे रात्रीत १२० वेळा. जड शरीर एकटीला वळवता येत नाही, दोघी लागतात. कूस वळवणे, डायपर पाहणे, पाठ कोरडी करणे, उशी लावणे याला सहा मिनिटे धरली तरी ७२० मिनिटे होतात. बरोबर बारा तास. त्यात त्या दोघींनी पाणी प्यायचे नाही, कुणाची घंटा वाजली तर जायचे नाही, आणि एखाद्या आजोबांना पहाटे चारला घरी जायचे असते त्यांची समजूत काढायची नाही.

तेव्हा वीस खाटा आणि रात्री दोन मावश्या असलेल्या केंद्रात कूस-तक्त्याचे सगळे चौकोन बरोबरच्या खुणांनी भरलेले दिसले, तर त्या खुणा सकाळी एका बैठकीत, एकाच पेनने केलेल्या आहेत. असला तक्ता पाहून समाधान मानणारा तपासनीस आम्हाला नको. दहा चौकोन रिकामे असलेला तक्ता आम्हाला जास्त विश्वासाचा वाटतो.

किती माणसे कामावर होती, हा आकडा केंद्राच्या तोंडून घेऊ नये. अमेरिकेचे उदाहरण इथे उपयोगी आहे. तिथले केंद्र सरकार २००८ च्या अखेरीपासून नर्सिंग होमना एक ते पाच तारे देते. त्यासाठी तपासणीचे निकाल, मनुष्यबळ आणि रहिवाशांच्या प्रकृतीची मोजमापे पाहिली जातात. बरीच वर्षे मनुष्यबळाचा आकडा संस्थाच भरून देत असत. २०१८ पासून ताऱ्यांसाठी तो पगाराच्या नोंदींवरून घेतला जाऊ लागला. आपल्याकडेही पगारपत्रक, भविष्य निर्वाह निधीचे चलन आणि माणसे पुरवणाऱ्या ब्युरोची बिले यांवरून रात्रीची माणसे मोजावीत. यात मावश्यांचाही फायदा आहे. ब्युरोमार्फत येणाऱ्या, सलग बारा तास राबणाऱ्या बाईला सुट्टी नाही, निधी नाही, पाठीच्या दुखण्यावर उपाय नाही. चार महिन्यांत ती दुसरीकडे जाते आणि आमच्या आईला कोणत्या कुशीवर झोप लागते हे माहीत असलेली एकमेव व्यक्ती तिच्याबरोबर जाते. मावशी, मामा यांचे प्रशिक्षण, किमान वेतन आणि रात्रपाळीतली किमान संख्या शासनाने ठरवून द्यावी. त्यामुळे दर वाढतील, हे केंद्रचालकांचे म्हणणे खरे आहे. किती वाढतील ते हिशेबासकट समोर ठेवा, मग बोलू.

चौथी. बांधून ठेवणे. खाटेच्या कठड्याला सुती पट्टीने बांधलेले हात आमच्यातल्या काहींनी अवचित भेटीत पाहिले आहेत. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरणशक्तीचा गंभीर बिघाडही धरतो. म्हणजे स्मृतिभ्रंश झालेले आजोबा त्यात येतात. हाच कायदा म्हणतो की बांधणे हा तातडीची इजा टाळण्याचा शेवटचा उपाय असेल तरच करावा, मानसोपचारतज्ज्ञाच्या संमतीने करावा, त्याची नोंद व्हावी आणि रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवावे. स्मृतिभ्रंशाचे रुग्ण घेणाऱ्या प्रत्येक केंद्राला हे कलम लागू असल्याचे परिपत्रक काढावे. गोळ्यांनी बांधणे दिसत नाही, एवढाच फरक. झोपेची किंवा मन शांत करण्याची नवी गोळी सुरू करताना ती कोणत्या डॉक्टरांनी, कशासाठी, किती दिवसांसाठी दिली, हे वहीत हवे.

पाचवी, आगीबद्दल. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० नवजात बालके गेली. त्याच वर्षी २३ एप्रिलला विरारच्या एका खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभागातले रुग्ण गेले. १ जानेवारी २०२३ च्या पहाटे दिल्लीच्या ग्रेटर कैलास भागातल्या वृद्धांच्या केंद्रात दोन वृद्ध स्त्रिया गेल्या. तिन्ही ठिकाणी आग लागली तेव्हा आत अशी माणसे होती, ज्यांना स्वतः उठून दार गाठता येत नव्हते. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, द्यावे लागते. ते स्वागतकक्षातच लावावे. पण फॉर्म बी नळकांडी आणि पाइप तपासतो. तिसऱ्या मजल्यावरच्या वीस जणांना एका जिन्याने दोघी जणी किती मिनिटांत खाली आणतील, हे तो सांगत नाही. वर्षातून दोनदा, रात्रपाळीच्याच माणसांकडून, चादरीवर ओढून नेण्याची कवायत करून घ्यावी आणि लागलेली मिनिटे वहीत लिहावीत. ज्यांना हे जमत नाही, त्यांना न उठणारे रुग्ण वरच्या मजल्यावर ठेवण्याची परवानगी नसावी.

सहावी. तपासणीला जाणाऱ्याने आधी फोन करू नये, वर्षातून एकदा तरी रात्री जावे आणि त्याचा अहवाल पंधरा दिवसांत महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या संकेतस्थळावर मराठीत टाकावा. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ सार्वजनिक प्राधिकरणांनी माहिती आपणहून उघड करावी असेच सांगते. अर्ज, अपील, दुसरे अपील या फेऱ्यांत आमची आई संपून जाते. इंग्लंडमध्ये तपासणीतला शेरा केंद्राच्या दर्शनी भागात लावणे २०१५ पासून सक्तीचे आहे. न्यू जर्सीतला आमचा एक सभासद तिथल्या शेजारणीच्या नर्सिंग होमचे मागचे तपासणी अहवाल दहा मिनिटांत वाचू शकतो. सांगलीतल्या स्वतःच्या आईच्या केंद्राचा एक ओळीचा अहवालही त्याला मिळत नाही.

सातवी मागणी काही केंद्रचालकांशी बोलल्यावर घातली, आणि आमच्याच सभेत तिच्यावर भांडण झाले. पहिली तीन वर्षे कोणत्याही केंद्राला तारे, गुण, श्रेणी देऊ नयेत आणि केवळ प्रामाणिक नोंदीवरून दंडही करू नये. जो पडण्याच्या आठ घटना लिहितो त्याला नोटीस आणि जो शून्य लिहितो त्याला शाबासकी, असे झाले तर पुढच्या वर्षी सगळीकडे शून्य दिसेल. चाळीस म्हाताऱ्यांच्या केंद्रात वर्षभर कुणीच पडले नाही, असे आम्हाला कुणी सांगितले तर आम्ही तिथे आमचा माणूस ठेवणार नाही. दंड नोंद लपवल्याबद्दल व्हावा आणि तो मोठा असावा. ज्यांनी आपली माणसे गमावली आहेत अशा काही सभासदांना ही सवलत मान्य नाही. त्यांचा विरोध त्यांच्या विनंतीवरून इथे नोंदवत आहोत.

इन्स्पेक्टर राज येईल, चांगली छोटी केंद्रे बंद पडतील, हा आक्षेप आम्ही ऐकला आहे. त्यात तथ्य आहे, म्हणून वर मागितलेली वही चार पानी नमुन्याची आहे. मावशीला पाळी संपताना दहा मिनिटांत भरता येईल अशी, खुणांची आणि चित्रांची, मराठीत. नमुना सोबत जोडला आहे. तो संघटनेतल्या दोन निवृत्त परिचारिकांनी तयार केला आहे आणि एका केंद्राने, नाव न छापण्याच्या अटीवर, सहा आठवडे वापरून पाहिला आहे. त्यांनी सुचवलेले बदल लाल शाईत आहेत. पहिल्या वर्षीच्या छपाईचा खर्च छोट्या केंद्रांसाठी संघटना करेल.

आमच्याकडून आणखी एक. दाखल केल्यानंतर दर महिन्याला किमान एकदा, न कळवता, प्रत्यक्ष भेट देण्याचे आणि वहीवर तारखेसह सही करण्याचे सभासदांनी मान्य केले आहे. परदेशातले सभासद गावातल्या कुणाला तरी त्यासाठी नेमतील. ज्या पानांवर नातेवाइकाची सही सहा महिने दिसणार नाही, ती पानेही तपासनीसाने पाहावीत.

दोन्ही विभागांच्या संयुक्त बैठकीसाठी येत्या अधिवेशनापूर्वी वेळ मिळावा. जबाबदारी आरोग्य विभागाची की सामाजिक न्याय विभागाची, या प्रश्नावर आमचा एक अर्ज याआधी दोन कार्यालयांत फिरून परत आला आहे, म्हणून हे पत्र दोघांनाही एकाच वेळी, पोच घेऊन, देत आहोत.

आपले,
संघटनेच्या सर्व सभासदांच्या वतीने
अध्यक्ष व सचिव

सोबत : १) वहीचा चार पानी नमुना २) रात्रपाळीच्या वेळेचे गणित, खाटांच्या संख्येनुसार ३) सातव्या मागणीला असलेला लेखी विरोध