काजळी कोणाच्या खाती?

इंजिन थंड असताना नव्या मालमोटारीच्या धुराच्या नळीत आतून बोट फिरवून पाहावे. बोट जवळजवळ स्वच्छ निघाले, तर आतली गाळणी आपले काम करीत आहे असे समजावे. ते काजळीने माखले, तर गाळणीला तडा गेला आहे, ती वितळली आहे, किंवा कोणीतरी ती मुळातच काढून टाकली आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज-६ ही मानके लागू झाली. त्यानंतर बनलेल्या डिझेल मालमोटारींना ही साधी परीक्षा लागू पडते. त्यापूर्वीच्या गाडीची नळी काळी असणे हे नित्याचेच होते. नव्या गाडीची नळी काळी असणे हा मात्र एका सामाजिक व्यवस्थेच्या अपयशाचा पुरावा आहे. हे अपयश कोणाचे, याचा विचार डाव्या चळवळीने अद्याप पुरेशा गांभीर्याने केलेला नाही.

ही गाळणी म्हणजे मधमाशांच्या पोळ्यासारखी असंख्य नलिका असलेला चिनी मातीसदृश पदार्थाचा ठोकळा असतो. निम्म्या नलिकांची तोंडे एका बाजूने आणि उरलेल्या निम्म्यांची दुसऱ्या बाजूने बंद केलेली असतात. त्यामुळे धुराला सच्छिद्र भिंतीतून झिरपूनच बाहेर पडावे लागते व काजळी भिंतीवर अडकते. ही काजळी वेळोवेळी जाळावी लागते. भरलेली गाडी महामार्गावर सलग धावत असेल, तर धुराच्या उष्णतेने ती हळूहळू आपोआप जळते. तसे घडले नाही, तर गाडीतील संगणक जादा डिझेल सोडून तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेतो आणि काजळी जाळून टाकतो. परंतु इंजिनाच्या तेलातील रसायनांपासून होणारी राख कशानेच जळत नाही. ती साचत जाते, आणि काही लक्ष किलोमीटरनंतर गाळणी उतरवून साफ करणे भागच पडते.

यंत्राची ही रीत एकदा ध्यानात घेतली, म्हणजे ते कोठे अडते हेही उघड होते. सलग वेगाने धावणारी गाडी हे या गाळणीचे गृहीतक आहे. न्हावा-शेवा बंदराबाहेर कंटेनर घेऊन रांगेत तिष्ठणारी, बाजार समितीच्या आवारात इंजिन चालू ठेवून उभी असलेली किंवा शहरातल्या शहरात खडी-वाळूच्या फेऱ्या मारणारी गाडी ते पुरे करू शकत नाही. धूर पुरेसा तापत नाही, आणि काजळी साचते. जळणाची क्रिया मध्यावर आलेली असतानाच चालकाला किल्ली बंद करावी लागते, कारण माल उतरविण्याची पाळी आलेली असते. त्यात इंजेक्टर गळका असेल, टर्बोमधून तेल जात असेल किंवा स्वस्तातले चुकीचे तेल घातलेले असेल, तर गाळणी पाहता पाहता तुंबते. मूळ दोष दुरुस्त न करता नवी गाळणी बसविली, तर तीही तुंबते. ताप आलेल्या माणसाचा तापमापक बदलण्यासारखाच हा प्रकार होय.

इंधनाचीही गोष्ट अशीच आहे. भारत स्टेज-४ च्या डिझेलमध्ये दशलक्ष भागांत ५० भाग गंधक चालत असे. स्टेज-६ मध्ये ही मर्यादा १० भागांवर आली. एवढ्या शुद्ध इंधनावरच ही सारी यंत्रणा विसंबून आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ तेलभेसळीवर छापा घालण्यास गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. भेसळीतला नफा कोणाच्या खिशात जातो आणि तो राखण्यासाठी कोणत्या थराला जाता येते, हे त्या दिवशी दिसले. पंपावर मिळालेल्या डिझेलमध्ये काय मिसळले आहे, हे पाहण्याचे साधन गाडी चालविणाऱ्याच्या हाती नसते. त्याचा दंड मात्र त्याच्याच इंजेक्टरला आणि गाळणीला भरावा लागतो.

म्हणजे गाळणी तुंबण्याची बरीचशी कारणे बंदराच्या व्यवस्थेत, मालधन्याच्या सोयीत, इंधनाच्या व्यापारात आणि कारखानदाराच्या रचनेत आहेत. खर्च मात्र एकट्या गाडीमालकाच्या माथी येतो. आपल्या देशातील मालवाहतूक मोठ्या प्रमाणावर एक-दोन किंवा चार-पाच गाड्यांच्या मालकांच्या जोरावर चालते. यांतले कितीतरी जण स्वतःच चालकही असतात. भाडे ठरवितो तो कंत्राटदार किंवा दलाल. गाडी दोन दिवस खोळंबली, तरी त्याची भरपाई मिळेलच असे नाही. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. नवी मानके लागू झाली, त्याच्या आठवडाभर आधी देशभर टाळेबंदी सुरू झाली होती. महाग झालेली गाडी आणि आटलेले भाडे यांची गाठ अशी पहिल्याच दिवशी पडली. फलकावर पिवळा दिवा लागतो, इंजिन आपली शक्ती आवरते घेते आणि गाडी घाटात रांगू लागते. कंपनीचे वर्कशॉप दूर, तपासणीचे संगणकीय साधन बहुधा त्यांच्याकडेच, आणि नव्या गाळणीचा खर्च कित्येक महिन्यांची कमाई गिळणारा. अशा वेळी रस्त्याकडेचे गॅरेज स्वस्त तोडगा सुचविते: डबा पोकळ करावयाचा आणि संगणकाला गाळणी नाहीच असे पढवून ठेवावयाचे. हा तोडगा पत्करणारा माणूस खलनायक नव्हे. त्याच्यापुढे जो हिशेब मांडला गेला, त्याचे त्याने काढलेले ते उत्तर आहे.

परंतु सहानुभूतीच्या भरात येथेच थांबणे ही मोठी चूक ठरेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराची गणना माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केली. त्या निर्णयामागे भूमिगत खाणींत डिझेल यंत्रांच्या धुरात काम करणाऱ्या मजुरांच्या अभ्यासाचे मोठे पाठबळ होते. पुरावा कामगारांच्या फुप्फुसांतूनच आला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. आपल्याकडे हा धूर प्रथम कोणाच्या छातीत जातो? चालकाच्या आणि क्लीनरच्या, हमालाच्या, टोलनाक्यावरच्या कर्मचाऱ्याच्या, चौकातल्या पोलिसाच्या आणि महामार्गालगतच्या झोपडीत वाढणाऱ्या मुलाच्या. पर्यावरण हा सुखवस्तूंचा छंद आहे, हा आपल्या काही कार्यकर्त्यांचा समज येथे पुरता खोटा ठरतो. छोट्या वाहतूकदाराची बाजू घेताना गाळणी काढण्याचे समर्थन करणे म्हणजे एका कष्टकऱ्याचा खर्च दुसऱ्या कष्टकऱ्याच्या श्वासातून वसूल करणे होय.

खाजगी उद्योगाचा सामाजिक खर्च या विषयावर के. विल्यम कॅप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली एक ग्रंथ लिहिला. उद्योग आपल्या खर्चाचा काही भाग हिशेबाच्या वह्यांत न दाखविता समाजाच्या अंगावर ढकलतो, हा त्याचा आशय. गाळणीने हा लपलेला खर्च पकडला, हे तिचे श्रेय आहे. परंतु पकडलेला खर्च ज्याच्या मालासाठी गाडी धावते त्याच्याकडे न जाता साखळीतल्या सर्वांत दुबळ्या दुव्यावर येऊन थांबला. दुबळ्या दुव्याने तो पुन्हा हवेत सोडून दिला. कायदा कडक झाला, पण खर्चाची वाटणी जुनीच राहिली. सारा घोटाळा या एका गोष्टीत आहे.

शासनाची देखरेखही तितकीच अपुरी आहे. पीयूसी केंद्रात डिझेल गाडीला रेस देऊन धूर किती दाट आहे तेवढे मोजतात. नव्या इंजिनाचे सूक्ष्म कण डोळ्यांना दिसतच नाहीत. त्यामुळे गाळणी काढलेली गाडीही या परीक्षेतून निसटू शकते. नेदरलँड्स आणि जर्मनी या देशांनी २०२३ पासून नियमित तपासणीत नळीतून येणाऱ्या कणांची प्रत्यक्ष मोजणी सुरू केली. उपकरण उपलब्ध आहे, पद्धत सिद्ध झालेली आहे. मात्र केवळ मोजणी आणून दंड वाढविला, तर नाक्यावरच्या हप्त्याचा दर वाढण्यापलीकडे फारसे काही घडणार नाही.

म्हणून मागण्या एकत्रच मांडल्या पाहिजेत. कणांची मोजणी सुरू करावी. परंतु तिच्याआधी गाळणी साफ करण्याची यंत्रे एसटीच्या आगारांत व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत बसवून ती सेवा माफक दरात द्यावी. आज हवेच्या झोताने राख उडविली जाते किंवा पाण्याने गटारात सोडली जाते. हे काम करणाऱ्या पोराच्या नाकावर रुमालापलीकडे काही नसते. ही राख बंद यंत्रातच गोळा झाली पाहिजे. सोळा टनांहून जड मालमोटारीने सात लक्ष किलोमीटर किंवा सात वर्षे उत्सर्जनाची मर्यादा पाळावी, असे ही मानके मानतात. मग गाळणीची हमीही त्या मुदतीइतकीच असावी. दोषतपासणीची साधने आणि माहिती स्वतंत्र गॅरेजांना वाजवी दरात मिळावी. बंदरात व गोदामात गाडी ठरावीक वेळेपेक्षा अधिक काळ खोळंबल्यास मालधन्याकडून खोळंबाभाडे सक्तीने वसूल व्हावे. ज्या दिवशी रांगेची किंमत मालधन्याला मोजावी लागेल, त्या दिवशी रांग आपोआप आखूड होईल, आणि काजळीही.

वाहतूकनगरात सभा घेणाऱ्या कार्यकर्त्याला गाडीमालक विचारतील, 'तुम्ही आमच्या बाजूचे की सरकारच्या?' त्या वेळी टाळ्यांच्या मोहाने अर्धेच उत्तर देऊ नये. गाळणी काढू देणार नाही आणि तिचा भार तुमच्या एकट्यावर पडू देणार नाही, ही दोन्ही वाक्ये त्याच व्यासपीठावरून, त्याच आवाजात उच्चारली गेली पाहिजेत. पहिल्या वाक्याला कदाचित टाळ्या पडणार नाहीत. तरीही ते आधी उच्चारावे.