मुंबईकरांचे वादळ

कोडोलीत पावसाळी बोलणे वारणेच्या पाण्यावर येते. २००५, २०१९, २०२१ ही आमच्याकडे नुसती साले नव्हेत, पुराच्या खुणा आहेत. मुंबईस स्थायिक झालेल्या आमच्या आप्तांना वादळाविषयी विचारावे, तर ते २६ जुलै २००५ वर येऊन थांबतात : सांताक्रूझचा चोवीस तासांतला ९४४ मिलिमीटर पाऊस, फुगलेली मिठी, रुळांवरून पायी गाठलेले घर. पण ते वादळ नव्हेच, तो पाऊस होता! अरबी समुद्रातली चक्रीवादळे बहुधा पावसाळ्याच्या अलीकडे वा पलीकडे उठतात. शहराच्या बोलण्यात मात्र या दिवसांना ऋतूच नाही.

३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेस 'निसर्ग' धडकले, तेव्हा 'मुंबई वाचली' म्हणून सुस्कारे सुटले; श्रीवर्धनच्या आडव्या झालेल्या नारळी-पोफळी त्या वाक्यात मावल्या नाहीत. मे २०२१च्या 'तौक्ते'त मुंबईसमोरच्या समुद्रात 'पी-३०५' हे बार्ज बुडून सुमारे ७० कामगार गेले. आप्तांच्या आठवणीत त्या दिवसाची फक्त उन्मळलेली झाडे आहेत. (मुंबईच्या 'स्पिरिट'चे कौतुक आम्हांस म्हणूनच खटकते.) मुंबईच्या पावसावरील कविता वर्गात शिकवताना, त्यांत वारा कुठे आहे, हेही विद्यार्थ्यांना विचारून पाहावे.