सातचा भोंगा कबनूरलाही हवा

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये ठरवले: संध्याकाळी ७ ला भोंगा वाजला की टीव्ही, मोबाइल बंद; साडेआठपर्यंत मुलांचा अभ्यास. जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगते, की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त वेळ पडद्यासमोर बसवू नये. त्याहून लहानांना तर मुळीच नाही. अति टीव्हीने खेळ बुडतो, झोप तुटते, घरातले बोलणे आटते. कबनूरमध्ये यंत्रमागावरची पाळी संपवून थकून आलेल्या माणसाला मालिका हा विरंगुळा वाटतो, हे खरे. पण खोली एकच असेल, तर त्याच आवाजात मूल अभ्यास कसा करणार? मुलांना दटावण्याआधी मोठ्यांनी रिमोट खाली ठेवावा. गल्लीने एकत्र ठरवले, तर दीड तास जड नाही.