पगार तुमचा, कार्ड कुणाच्या खिशात?

पगाराच्या दिवशी लेबर कॅम्पजवळच्या एटीएमसमोर रांग लागते. कधी कधी त्या रांगेत एकाच माणसाच्या हातात चार-पाच कार्डं दिसतात. विचारलं तर म्हणतो, "पोरांचे पैसे काढून देतो, त्यांना मशीन जमत नाही." मित्रांनो, त्या कार्डांत तुमचं कार्ड आहे का?

यूएईने 2009 साली पगार बँकेतून किंवा एक्स्चेंजमधून देण्याची पद्धत आणली. कंपनीने पगार थकवला तर सरकारला कळावं, हा हेतू. पण ही नजर कार्डापर्यंतच पोचते. कार्ड आणि पिन दुसऱ्याकडे असेल, तर कागदावर पगार पूर्ण दिसतो आणि हातात अर्धाच पडतो. मग तक्रार करायला पुरावाही उरत नाही.

पासपोर्टचंही तसंच. "ऑफिसात सेफ राहील" म्हणून तो काढून घेतात. फेब्रुवारी 2022 पासून लागू असलेल्या कामगार कायद्यानुसार मालकाला कामगाराची कागदपत्रं अडकवून ठेवता येत नाहीत. घरकाम करणाऱ्या भगिनींसाठी वेगळा कायदा आहे. त्यातही पासपोर्ट स्वतःकडे ठेवण्याचा आणि आठवड्याला एक पगारी सुट्टीचा हक्क दिला आहे.

"मागितलं तर नोकरी जाईल," ही भीती खोटी नाही. आणि ती बहुतेक वेळा गावाकडच्या कर्जातून येते. भारतात नोंदणीकृत एजंटाला 30,000 रुपये आणि वर जीएसटी, एवढीच फी घेता येते. यूएईचा कायदा तर भरतीचा खर्च मालकावरच टाकतो. तरीही आपली माणसं दागिने गहाण ठेवून लाखांत पैसे देतात, पावतीसुद्धा मागत नाहीत. व्याज चालू असलं की वाईट नोकरीही सोडवत नाही. साखळी दिसत नाही, पण असते.

म्हणून एकट्याने भांडू नका. खोलीतल्या चौघांनी मिळून कार्डं मागा. पिन बदला. कराराचा, पासपोर्टचा, व्हिसाचा फोटो घरी पाठवून ठेवा. नाहीच ऐकलं तर कामगार मंत्रालयाकडे तक्रार करा. खरी ठरलेली तक्रार केली म्हणून कामावरून काढणं बेकायदा आहे, त्याची तीन महिन्यांच्या पगारापर्यंत भरपाई मिळू शकते. दुबईत आपलं प्रवासी भारतीय सहायता केंद्रही आहे.

आता थोडं घरचं बोलू. दहा-दहा वर्षं सगळा पगार भावाच्या नाहीतर नवऱ्याच्या खात्यात जातो. परत गेल्यावर घर त्यांच्या नावावर, जमीन त्यांच्या नावावर, आणि कमावणारी व्यक्ती रिक्षाच्या भाड्यालाही हात पसरते. हे बायकांच्या वाट्याला जास्त येतं. घरच्यांवर अविश्वास दाखवा असं आम्ही म्हणत नाही. पण स्वतःच्या नावाचं एनआरई खातं उघडा. त्यातल्या व्याजावर भारतात कर लागत नाही. घरी पाठवण्याआधी दर महिन्याला थोडी रक्कम तिथे टाका, शंभर दिरहम का होईना.

घाम तुमचा आहे, तेव्हा पैसा कुठे जातो हे ठरवण्याचा पहिला हक्कही तुमचाच आहे. या महिन्याचा पगार झाला की सुरुवात कार्डापासून करा.