मंदोदरीचा पट

बुद्धिबळ रावणाच्या मंदोदरीने शोधून काढले, असे ठासून सांगणारा एक तरी गृहस्थ आमच्या साताऱ्यात प्रत्येक पंगतीला असतोच. जिलबी संपते, पण हा काही लंकेतून बाहेर पडत नाही.

माझे भांडण मंदोदरीशी नाही, या फुकटच्या ऐटीशी आहे. खेळ आपला, हे खरेच. ७ व्या शतकातल्या बाणभट्टाच्या 'हर्षचरिता'त चतुरंग आहे. पण पुढे तो इराणात 'चतरंग' झाला, अरबांकडे 'शतरंज' झाला. आपण ऐटीत देतो तो 'शह' फारसी. वजीर आणि प्यादे हेही तिकडलेच शब्द. वजिराला पटभर धावायला शिकवले ते युरोपने, १५ व्या शतकाच्या अखेरीस. लेक चार घरचे दागिने घालून माहेरी आली, तर आपण म्हणायचे, दागिनेही आमचेच!

अभिमानच हवा ना? मग सांगलीचा बाळगा. तिथे भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळातून पोरापोरींना पटावर बसवले. सांगलीत घडलेल्या भाग्यश्री साठे-ठिपसे यांनी राष्ट्रीय महिला स्पर्धा पाचदा जिंकली, १९९१ साली आशियाई अजिंक्यपदही मिळवले. मंदोदरीचा त्यात काडीचा हात नव्हता.

आणि आपण? पोराने पट मांडला की लगेच, "आवर ते, अभ्यासाला बस!" शोध आमच्या पूर्वजांचा, खेळायचे मात्र दुसऱ्यांनी!

तेव्हा मंडळी, माळ्यावरचा पट खाली काढा. उंट हरवला असेल तर बाटलीचे बूच चालते. मात झाली तरी हरकत नाही. डाव तरी मांडा!