डागडुजी मागणे हा अपराध नव्हे

पावसाळ्यात कवेलू गळू लागले म्हणून भंडाऱ्यातील भाडेकऱ्याने डागडुजी मागावी, आणि उत्तरादाखल घरमालकाने नळ तोडावा किंवा ‘घर खाली करा’ असे फर्मावावे, हा न्याय कोठला? १९४९ च्या मध्यप्रांत-वऱ्हाड भाडेनियंत्रण हुकुमान्वये येथे भाडेकऱ्यास काढण्याची नोटीस देण्यापूर्वी मालकास भाडेनियंत्रकाची परवानगी घ्यावी लागे. पुढे आलेल्या महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यानेही भाडेकऱ्यास वाऱ्यावर सोडलेले नाही. कलम १४ अन्वये डागडुजी हे मालकाचे कर्तव्य होय. १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने ती टाळल्यास भाडेकऱ्याने स्वतः ती करावी व खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथाईहून अधिक नव्हे. पाणी वा वीज तोडणाऱ्यास कलम २९ मध्ये ३ महिन्यांपर्यंत कैदेची वा दंडाची शिक्षा आहे. मालकाचा रोष हे घर खाली करविण्याचे कारण कायद्यात कोठेच नाही. तथापि तोंडी तक्रार सिद्ध करणे कठीण. म्हणून भाडेकऱ्यांनी भाडे वेळेवर द्यावे, पावती घ्यावी, तक्रार लेखी करावी. आणि मालकांनी एवढे ध्यानी धरावे की, आज छप्पर शाकारले नाही तर उद्या जी भिंत खचेल, ती त्यांचीच आहे.